नेटवर्क कार्डाचे नाव बदलते तेव्हा...

एखाद्या सर्व्हरमध्ये दोन नेटवर्क कार्डे असतात. एक इंटरनेटला जोडलेले, तर दुसरे कार्यालयातील अंतर्गत जाळ्याला. लिनक्समध्ये त्यांना पूर्वी ‘ईथ०’ व ‘ईथ१’ अशी नावे मिळत आणि फायरवॉलचे नियमही याच नावांनी लिहिले जात. संगणक पुन्हा सुरू होताना या नावांची अदलाबदल झाली, तर अंतर्गत जाळ्यासाठी दिलेली मोकळीक थेट इंटरनेटला मिळण्याचा धोका असे.

याचे कारण नाव देण्याच्या पद्धतीत होते. लिनक्सचा गाभा असलेले कर्नल, कार्डे ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने त्यांना आकडे देते. हा क्रम दरवेळी सारखाच राहील, याची खात्री नसते.

यावर एक उपाय ‘यूडेव्ह’ या प्रणालीने केला. प्रत्येक कार्डाच्या मॅक क्रमांकापुढे त्याचे नाव फाइलमध्ये नोंदवले जाऊ लागले. मात्र, बिघडलेले कार्ड बदलले की नव्या कार्डाला नवेच नाव मिळे आणि जुन्या नावाने केलेली मांडणी निरुपयोगी ठरे.

त्यानंतर नाव कार्डाच्या जागेवरून ठरवण्याचा विचार पुढे आला. ‘डेल’ने विकसित केलेली अशी पद्धत २०११ मध्ये ‘फेडोरा १५’मध्ये स्वीकारण्यात आली. २०१३ मध्ये ‘सिस्टिमडी’च्या १९७व्या आवृत्तीने स्वतःची पद्धत आणली. तीत ‘ईएन’ म्हणजे इथरनेट, तर ‘डब्ल्यूएल’ म्हणजे वायरलेस. ‘ईएनओ१’ हे मदरबोर्डवरील कार्ड, ‘ईएनएस१’ हे पहिल्या क्रमांकाच्या स्लॉटमधील, तर ‘ईएनपी३एस०’ हे पीसीआय बस क्रमांक तीनवरील कार्ड. थोडक्यात, रांगेतील क्रमांकाऐवजी घराचा पत्ता हेच नाव झाले. त्याच स्लॉटमध्ये तशाच प्रकारचे दुसरे कार्ड बसवले, तरी नाव सहसा तेच राहते.

अर्थात, ही व्यवस्थाही निर्दोष नाही. संगणकात आणखी एखादे कार्ड बसवल्यास बसचे क्रमांक पुढे सरकू शकतात व त्यासोबत नावही बदलते. त्यामुळे महत्त्वाच्या सर्व्हरवर व्यवस्थापकाने ‘लिंक’ प्रकारच्या फाइलमध्ये मॅक क्रमांक देऊन ‘बाहेर’, ‘आत’ अशा अर्थाची नावे स्वतःच ठरवून द्यावीत. कार्ड बदलल्यास या फाइलमधील केवळ मॅक क्रमांक बदलावा लागतो; फायरवॉलच्या नियमांना हात लावावा लागत नाही. मात्र, ‘ईथ०’सारखी नावे तेथे टाळावीत, कर्नल तीच नावे वाटत असल्याने दोघांत संघर्ष होऊ शकतो.