विजयदुर्गावरची ग्रहणे

एखाद्या गावातून खग्रास सूर्यग्रहण दिसले, की त्याच गावाची पाळी पुन्हा यायला सरासरी पावणेचारशे वर्षे लागतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गाच्या नशिबी मात्र तीस वर्षांत अशी दोन ग्रहणे आली : १८ ऑगस्ट १८६८ आणि २२ जानेवारी १८९८. पहिले ऐन पावसाळ्यात झाले, दुसरे स्वच्छ हिवाळ्यात. आज किल्ल्यावर जे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवले जातात, त्यांची गोष्ट सांगताना या दोन तारखांची सरमिसळ होते. येत्या काही वर्षांत इथून दिसणाऱ्या ग्रहणांचा विचार करण्याआधी ही सरमिसळ सोडवायला हवी, कारण आकाश कधी दिसते आणि कधी नाही, याचा धडा त्यातच आहे.

हेलियमचा शोध कुठे लागला?

इंग्रज शास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ साली विजयदुर्गावरून सूर्यग्रहण पाहिले आणि तिथेच हेलियमचा शोध लावला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. दरवर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. या निमित्ताने मुले किल्ल्यावर येतात, विज्ञानाबद्दल ऐकतात, हे फार मोलाचे आहे. पण इतिहास वेगळा आहे.

१८६८ च्या ग्रहणाची छाया विजयदुर्गाच्या परिसरातून आत शिरली आणि जमखंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा दख्खन ओलांडत पूर्वेला गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते आणि पावसाळी ढगांच्या फटींतून मिळाले तेवढे पाहत होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांमधून वर्णपटात तेजस्वी रेषा उमटताना या निरीक्षकांना दिसल्या. त्या रेषा इतक्या ठळक होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, हे जान्सेन यांनी ओळखले आणि दुसऱ्याच दिवशी त्या पाहूनही दाखवल्या.

लॉकियर त्या वर्षी भारतात नव्हतेच. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी इंग्लंडमधून, ग्रहणाविना, त्याच रेषा पाहिल्या. जान्सेन आणि लॉकियर यांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली आणि फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले. त्या वर्णपटातली एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. ती पृथ्वीवर न सापडलेल्या मूलद्रव्याची असावी, असे मानून त्याला हेलियम हे नाव मिळाले. ते पृथ्वीवर सापडले थेट १८९५ साली, विल्यम रॅमसे यांच्या प्रयोगशाळेत, क्लेव्हाइट या खनिजातून.

बावीस जानेवारीची दुपार

लॉकियर विजयदुर्गावर आले ते त्यानंतर, १८९८ साली. त्याआधी १८९६ मध्ये ते ग्रहणासाठी नॉर्वेत गेले होते, पण तिथे ढगांनी सूर्य झाकला. कोकणात जानेवारीत तशी भीती नव्हती. इंग्रजी कागदपत्रांत ‘विझियाद्रुग’ म्हणून नोंदलेला हा किल्ला छायेच्या मार्गात होता आणि जड पेट्या जहाजातून थेट पायथ्याशी उतरवता येत होत्या. सोबत आल्फ्रेड फाउलर होते, कलकत्त्याहून प्राध्यापक पेडलर आले होते आणि ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेचे कप्तान चिझम-बॅटन आपल्या खलाशांसह मदतीला होते.

मुख्य साधने होती सहा आणि नऊ इंची भिंगांचे लोलक-कॅमेरे. या कॅमेऱ्यात भिंगापुढे लोलक असतो आणि फट नसते. चंद्राने सूर्य झाकल्यावर उरलेल्या प्रकाशाच्या कोरीची प्रतिमा प्रत्येक रंगात वेगळी उमटते. म्हणून छायाचित्रात रेषांऐवजी कमानींची रांग दिसते आणि प्रत्येक कमान एकेका मूलद्रव्याची असते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात काच बदलायची, झाकण उघडायचे-मिटायचे आणि पुढची काच लावायची. त्यामुळे आधीचे कित्येक दिवस किल्ल्यावर नुसती तालीम चालली. प्रत्येकाला एकच काम नेमून दिले होते. अशा यंत्रांना तसूभर हादरा चालत नाही, म्हणून त्यांना पक्की बैठक लागते, आणि साहेबाच्या कट्ट्यांचे महत्त्व त्यातच आहे.

त्या दुपारी छाया समुद्रावरून आली आणि ईशान्येकडे निघून गेली. मुंबई इलाख्यात प्लेगची साथ पसरलेली असतानाही निरीक्षकांची रांग तिच्या मार्गावर उभी होती. सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही. वऱ्हाडात तळणीला ॲनी आणि वॉल्टर माँडर, तर पुलगावला न्यूऑल यांचा तंबू. ॲनी माँडर यांनी तळणीहून सूर्याच्या प्रभामंडळाचा एक लांबलचक झोत छायाचित्रात पकडला. हेलियम तोवर सर्वांना माहीत होता. विजयदुर्गावर त्याच्याच कमानी इतर मूलद्रव्यांच्या कमानींसोबत टिपल्या गेल्या. किल्ल्याची ही कामगिरी खरी, आणि अभिमान धरावा अशीच.

अठरा वर्षे आणि अकरा दिवस

ग्रहणे चक्राने येतात. सुमारे १८ वर्षे, ११ दिवस आणि ८ तासांनी सूर्य, चंद्र व पृथ्वी जवळजवळ तशाच मांडणीत येतात. त्या ८ तासांमुळे पृथ्वी तिसरा हिस्सा फिरलेली असते, म्हणून तसेच ग्रहण दुसऱ्या प्रदेशात दिसते. विजयदुर्गाच्या ग्रहणाचे वंशज याच हिशोबाने १९१६, १९३४, १९५२, १९७०, १९८८ आणि २००६ साली जगात इतरत्र दिसले. ८ एप्रिल २०२४ रोजी टेक्सास आणि ओहायोतल्या मराठी घरांनी अंगणातून जे खग्रास ग्रहण पाहिले, तेही याच मालिकेतले.

ग्रहणाचे गणित कोकणाला परके नाही. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचले. ज्या-कोटिज्यांची कोष्टके न वापरता ग्रहण कसे काढावे, हे त्यांनी सांगितले आणि पुढे पिढ्यान् पिढ्या पंचांगे त्यावर चालली.

पुढे काय दिसेल?

२ ऑगस्ट २०२७, सूर्यग्रहण. हे २२ जुलै २००९ च्या ग्रहणाचे वंशज आहे. इजिप्तमध्ये लक्झरजवळ खग्रास स्थिती ६ मिनिटे २३ सेकंद टिकेल. विजयदुर्गावरून ते खंडग्रास असेल, दुपार कलल्यावर, समुद्राच्या बाजूला. त्या दिवशी आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. ऐन पावसाळा असल्याने १८६८ सारखेच ढगांच्या मर्जीवर सोडावे लागेल.

६ जुलै २०२८, खंडग्रास चंद्रग्रहण. मध्य रात्री पावणेबाराच्या सुमारास. इथेही पावसाची अडचण आहेच.

३१ डिसेंबर २०२८, खग्रास चंद्रग्रहण. या यादीतले सर्वांत सोयीचे. पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर स्पर्श रात्री साडेआठनंतर, संमीलन (चंद्र पूर्ण झाकला जाणे) पावणेदहाच्या सुमारास, मध्य १०.२२ च्या आसपास, उन्मीलन (तो पुन्हा उघडू लागणे) अकराच्या सुमारास आणि मोक्ष मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर. म्हणजे ग्रहण सुटेल तेव्हा २०२९ उजाडलेले असेल. चंद्र सव्वा तासाच्या आसपास तांबूस राहील. पृथ्वीच्या वातावरणातून वाकून गेलेला लाल प्रकाश त्याच्यावर पडतो, म्हणून तो तांबूस दिसतो. पृथ्वीवर त्या क्षणी जिथे जिथे सूर्योदय-सूर्यास्त होत असतात, त्या सगळ्यांचा तो प्रकाश. आकाश निरभ्र, चंद्र उंचावर, आणि चष्म्याचीही गरज नाही.

२१ डिसेंबर २०२९, खग्रास चंद्रग्रहण. मध्य पहाटे चारनंतर. थंडीत उठावे लागेल, पण कोकणातला डिसेंबर दगा देत नाही.

२१ मे २०३१, सूर्यग्रहण. केरळ आणि दक्षिण तमिळनाडूतून कंकणाकृती. विजयदुर्गावरून भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, अर्ध्याहून अधिक व्यास झाकलेला दिसेल. मे महिना म्हणजे पावसाच्या आधीचे आकाश, त्यामुळे आशा बरीच.

२० मार्च २०३४, सूर्यग्रहण. छाया लडाखमध्ये कारगिलच्या भागातून जाईल. २००९ नंतर भारतभूमीवर खग्रास सूर्य पुन्हा दिसेल तो तेव्हा. कोकणातून सायंकाळी खंडग्रास.

या यादीत हिवाळा आणि उन्हाळा आपल्या बाजूने आहेत. २०२७ साठी मात्र ज्यांना सूर्य नक्की पाहायचा आहे, त्यांनी पावसाचा पट्टा सोडून जाण्याची तयारी आधीपासून ठेवावी.

पाहायचे कसे

ग्रहणाचे वेध लागले की अजूनही अनेक घरांत चूल बंद होते, पाण्यात तुळशीपत्र पडते, गरोदर बाईला विळी हातात धरू देत नाहीत. परातीतल्या पाण्यात मुसळ उभे करून दाखवतात. ते मुसळ ग्रहण नसतानाही तसेच उभे राहते, हे एखाद्या सोमवारी सकाळी करून पाहावे. घरातल्या पोरांना यापेक्षा चांगला प्रयोग नाही. बुड सपाट असले आणि हात स्थिर असला की झाले. गरोदर बाईला ग्रहणाने काही होत नाही. तिला उपाशी ठेवण्याने मात्र नक्की होते.

खरा धोका डोळ्यांना, आणि तोही फक्त सूर्यग्रहणात. खंडग्रास सूर्य क्षणभरही नुसत्या डोळ्यांनी पाहू नये. क्ष-किरणांची फिल्म, काजळी धरलेली काच, परातीच्या पाण्यातले प्रतिबिंब, यांतले काहीही पुरेसे नाही. आय.एस.ओ. १२३१२-२ हा क्रमांक असलेला ग्रहण-चष्मा किंवा चौदा नंबरची वेल्डिंगची काच वापरावी. काहीच नसेल तर आंब्याखाली जावे. पानांमधून झिरपणारे उन्हाचे कवडसे एरवी गोल असतात. ग्रहणात त्या प्रत्येकाची चंद्रकोर होते आणि सारे अंगण कोरींनी भरून जाते. गावातल्या शाळेला एवढ्याने अर्धा दिवसाचा धडा मिळतो.

विजयदुर्गाच्या कट्ट्यांपाशी खरी तारीख लिहिलेला एक फलक असावा : २२ जानेवारी १८९८. अठरा ऑगस्टचा कार्यक्रम खुशाल व्हावा. जमखंडी आणि गुंटूरला जे दिसले, त्याच्या स्मरणासाठी तो योग्यच आहे. पण बावीस जानेवारीला किल्ल्यावर दुर्बिणी लागाव्यात, कारण ती तारीख या किल्ल्याने स्वतः मिळवलेली आहे. आणि ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री देवगड तालुक्यातल्या शाळांनी मुलांना किल्ल्यावर न्यावे, वेळा त्यांच्याच वहीत टिपून घ्याव्यात आणि त्या पंचांगाशी ताडून पाहाव्यात. तालुक्यात त्या रात्रीची तयारी करायला अजून पुरेसा वेळ आहे.