जुन्या वळणाचा ख्रिस्ती आणि गावचं राजकारण

मंडळी, नमस्कार आणि सलाम. दोन्ही म्हणतो, कारण आमच्याकडे दोन्ही चालतात. शेजारी भेटले की नमस्कार, उपासनेला जमलो की सलाम.

डोळखांबला यायचं म्हणजे आसनगाव स्टेशनला उतरायचं, शहापूर गाठायचं आणि पुढे एसटी किंवा जीप. समोर आजा पर्वत. आजूबाजूला ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी यांच्या वाड्या-पाडे. यात ख्रिस्ती घरं थोडीच. अख्ख्या महाराष्ट्रात तरी किती आहोत? २०११ च्या जनगणनेत सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकसुद्धा पुरता नाही. मग इतक्या थोड्या लोकांनी राजकारणावर बोलायचं कशाला, असं आमचीच माणसं विचारतात. आजचं व्याख्यान त्याच प्रश्नावर आहे.

आधी 'जुन्या वळणाचे' म्हणजे काय, ते सांगतो. आम्ही पवित्र शास्त्र देवाचं वचन मानतो. संध्याकाळी दिवा लागला की घरात प्रार्थना होते. रविवारी शेतावर जात नाही. आवणी अगदी तोंडावर आली असेल तर बायको आणि आम्ही दोघंही जरा ओशाळूनच जातो. दारू घरात येत नाही. लग्न जन्माचं मानतो. एवढंच. यात कुठल्या पक्षाचं नाव आलं नाही, हे लक्षात ठेवा.

हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण हल्ली मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ येतात, कधी हिंदीत आवाज देऊन. तिथे जुन्या वळणाचा ख्रिस्ती म्हटला की अमुक पक्षाचा, असं जवळपास ठरून गेलंय. ती मंडळी तिथे बहुसंख्याकांत मोडतात, त्यांचे प्रश्न त्यांचे. आपली पोरं ते बघतात आणि तेच भांडण इथे आणून मांडतात. आपला वारसा वेगळा आहे, आणि तो आपल्याच मराठी माणसांकडून आलाय.

पंडिता रमाबाईंचं घ्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. श्रद्धेने त्या आमच्याहून कडक. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये उपास-प्रार्थना, बायबलचं मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर, हे त्यांनी केलं. आता कोणी म्हणेल, अशा बाईला राजकारणाशी काय देणंघेणं! पण १८८९ साली मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा प्रतिनिधी म्हणून बसलेल्या मोजक्या स्त्रियांत रमाबाई होत्या. आणि १८९७ ला पुण्यात प्लेग आला, तेव्हा सरकारी प्लेग रुग्णालयात बायका-मुलींना कसं वागवलं जातं, यावर त्यांनी उघड पत्र लिहिलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते म्हणणं झिडकारलं. राज्य कोणाचं होतं? ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचंच. रमाबाईंनी 'आपल्या धर्माचं सरकार' म्हणून तोंड मिटून घेतलं नाही.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. आपण उपासनेत म्हणतो त्यांतली कितीतरी गीतं त्यांची. ख्रिस्त हवा, पण परदेशी अंगरखा घातलेला नको, अशी त्यांची धारणा. १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. पगार गेला, पण देवाची भक्ती आणि देशाची ओढ यांपैकी एक सोडावी लागेल, असं त्यांना कधी वाटलं नाही.

आता तिसरी गोष्ट, जी आपल्या पाळकांनीही फारशी सांगितलेली नसते. राज्यघटना लिहिली जात होती तेव्हा धर्माच्या नावावर राखीव जागा ठेवायच्या का, हा प्रश्न होता. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः बंगाली ख्रिस्ती. १९४९ साली धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा काढून टाकण्याचं ठरलं, आणि ते करण्यात मुखर्जी पुढे होते. विधिमंडळात आमची वेगळी खुर्ची नको. श्रद्धा पाळायचं स्वातंत्र्य द्या, बाकी शेजाऱ्यांवर भरवसा ठेवतो, असा त्या निर्णयाचा अर्थ आम्ही लावतो. ते स्वातंत्र्य कलम २५ मध्ये आलं. धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क प्रत्येकाला आहे; सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत.

इथे एक बारकावा आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश आणि ओडिशाच्या कायद्यांवर निकाल देताना सांगितलं, की प्रसाराचा हक्क म्हणजे आपली श्रद्धा समजावून सांगायचा हक्क. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. आमच्यातल्या काहींना हा निकाल टोचतो. आम्हाला वाटतं, यातून एक शिकण्यासारखं आहे. माणसाचं मन देव बदलतो, ही आमचीच शिकवण ना? मग तांदळाच्या पोत्याने किंवा औषधाच्या बाटलीने ते बदलू पाहणारा माणूस आधी आमच्याच शिकवणीविरुद्ध जातो. मात्र कोणी आपल्या मनाने, विचार करून आला, तर त्याला अडवायचा हक्क गावालाही नाही आणि सरकारलाही नाही. दोन्ही बाजू तितक्याच ठामपणे सांगायला हव्यात.

आता जरा अवघड विषयाकडे येतो. दाखला.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला मात्र तो दर्जा मिळत नाही. अनुसूचित जमातीचं तसं नाही. तिथे धर्माची अट नाही; ठाकूर किंवा कातकरी माणूस कुठल्याही देवाला मानत असला तरी तो आदिवासीच. धर्म बदललेल्यांना जमातीच्या यादीतून काढा, ही मागणी गेली काही वर्षं जोरात आहे, ते तुम्ही ऐकलं असेल. पण आजचा कायदा हा असा आहे.

यातून घराघरात काय होतं? बाप रविवारी उपासनेला जातो आणि पोराच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर 'हिंदू' लिहितो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळ भाषिक भागातल्या अशाच एका प्रकरणात म्हटलं, की ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवायचं, ही घटनेशी फसवणूक आहे.

आम्ही जुन्या वळणाचे. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा लहानपणी पाठ केलेली. म्हणून आम्हाला हे खोटं पचत नाही, आणि ते तसं सांगतोही. पण त्या बापाला दटावून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. बाप्तिस्मा झाला म्हणून जात गेली का? विहिरीवर गेली नाही, लग्न जमवताना गेली नाही, आणि खरं सांगायचं तर काही ठिकाणी देवळाच्या बाकांवरूनही गेली नाही. ज्यांना हा प्रश्न कधी आला नाही, त्यांनी आल्यांना खरेपणाचे धडे द्यायचे, हे शोभत नाही. आमचं म्हणणं इतकंच: अर्जावर खरं लिहा, आणि तसं लिहिल्यामुळे ज्या पोराची फी थकेल ती मंडळीने भरावी. उपासनेत दशांशावर प्रवचन होतं, तर त्या पैशाचं पहिलं काम हेच. आणि तो आदेश बदलावा यासाठी अर्ज-विनंत्या, मोर्चा, मतदान, सगळं उघडपणे करावं. खरेपणाची किंमत एकट्या गरिबाने मोजायची, अशी पद्धत ठेवली तर ती आमची लबाडी झाली.

आता गावचं राजकारण. दारू वाईट, हे आम्ही व्यासपीठावरून नेहमी सांगतो. पण महाराष्ट्रात दारूचं परवानाधारक दुकान बंद करायचा कायदेशीर मार्ग आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेता येतं, आणि निम्म्याहून जास्त जणींनी 'आडवी बाटली'वर शिक्का मारला की दुकान बंद. शिवाय शहापूर तालुका पेसा क्षेत्रात येतो, म्हणजे ग्रामसभेला या बाबतीत जास्तीचा अधिकार आहे. हे काम नुसत्या प्रवचनाने होत नाही. त्यासाठी ठाकरवाडीतल्या ताईंबरोबर बसून सह्या गोळा कराव्या लागतात. तिथे कोणी विचारत नाही की तू कुठल्या देवाची.

तसंच पाण्याचं. तानसा धरण १८९२ चं, मग मोडक सागर, मग भातसा. मुंबई ज्या पाण्यावर जगते त्यातला मोठा वाटा आपल्या शहापूर तालुक्यातून जातो. आणि मे महिन्यात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत बायका हंडे लावून बसतात. तहानलेल्याला पाणी दिलं ते मलाच दिलं, असा अर्थ ख्रिस्ताने सांगितलाय. मग पाण्याच्या प्रश्नावरच्या ग्रामसभेला आम्ही गैरहजर का? 'ते राजकारण आहे' म्हणून? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पोरांची शाळा सुटते. ते राजकारण, आणि त्या पोरांसाठी प्रार्थना केली की ती श्रद्धा, अशी वाटणी आम्हाला शास्त्रात कुठे सापडली नाही.

शेवटी एक प्रश्न दर निवडणुकीला येतो: "मग मत कोणाला द्यायचं?" ख्रिस्ताला लोकांनी कराबद्दल विचारलं तेव्हा त्याने नाणं मागून घेतलं, त्यावरचा मुखवटा कोणाचा ते विचारलं. नाणं सम्राटाचं असेल, पण माणसावर छाप देवाची आहे. म्हणून कुठल्याही पक्षाला आम्ही मत देऊ, मन गहाण ठेवणार नाही. पाळकांनी व्यासपीठावरून उमेदवाराचं नाव घेऊ नये, हे आमचं जुनं मत आजही तेच आहे. उमेदवार आमच्या देवळासाठी पत्रे देतो का, हे विचारू नका. पाड्यावर नळ आला का, त्याने कोणाच्या वाट्याला भीती आणली का, आणि मागच्या वेळी दिलेला शब्द पाळला का, एवढं विचारा.

आणि मतदानाच्या आदल्या रात्री कोणी पाकीट घेऊन दारात आला, तर त्याला पाणी द्या, बसवा, आणि पाकीट तसंच परत पाठवा. दारातली पोरं बघत असतात. त्यांना शंभर प्रवचनांतून जे कळणार नाही ते तिथे कळतं.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.