धक्के आणि ज्वालामुखी

माणिकपूरहून दिसणारा तुंगारेश्वरचा डोंगर काळ्या बसाल्टचा, म्हणजे सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा. मग आपल्याच जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडे, नोव्हेंबर २०१८ पासून बसू लागलेले धक्के नव्या उद्रेकाची चाहूल मानायचे का?

नाही. शिलारस वर चढताना खडक तडकवतो, म्हणून लहान भूकंपांची मालिका सुरू होते. पण सोबत जमीन फुगते, तिचा उतार बदलतो, गंधकयुक्त वायू वाढतात. फिलिपाईन्समधील पिनाटुबोच्या १९९१ च्या उद्रेकापूर्वी भूकंप व वायू मोजूनच हजारोंना वेळीच हलवता आले.

आपल्याकडे शिलारस चढत असल्याची लक्षणे नाहीत. खडक भेगांवर सरकतात, एवढेच. उद्रेकाची भीती विद्यार्थ्यांच्या मनातून काढावी; कच्च्या भिंतींची काळजी मात्र जरूर शिकवावी.