ट्रकचे इंजिन ऑइल : डब्यावरचे आकडे काय सांगतात?

गांधीनगर आणि इचलकरंजीच्या कापडबाजारात आमच्या बिरादरीतील अनेकांनी व्यापारासोबत स्वतःची गाडीही ठेवली आहे. कुणाचा टेंपो, कुणाचा सहा चाकी ट्रक. इचलकरंजीचे ग्रे कापड प्रोसेससाठी अहमदाबाद, पाली, बालोतऱ्यापर्यंत जाते. गाडी खंबाटकीच्या घाटात उभी राहिली की भाडे तर बुडतेच, शिवाय पार्टीला दिलेला शब्दही जातो. आम्ही धंद्याने कापडवाले, मिस्त्री नव्हे. पण इंजिन बांधायचा खर्च आमच्याच गल्ल्यातून जातो, म्हणून ऑइलच्या डब्यावर काय छापलेले असते हे समजून घेणे आम्हाला भाग पडले. जे हाती लागले ते वाचक बंधूंपुढे ठेवत आहोत.

डब्यावर सर्वांत ठळक आकडा असतो तो 20डब्ल्यू-40 किंवा 15डब्ल्यू-40 असा. कापडवाल्यांनी हा आकडा सुताच्या काउंटसारखा समजावा. 40 काउंट म्हटल्यावर सूत किती बारीक ते कळते, ते चांगल्या कापसाचे आहे की नाही ते कळत नाही. तसेच हा आकडा फक्त ऑइलचा जाडपणा सांगतो, दर्जा नाही. अमेरिकेच्या एसएई या संस्थेने ही मोजणी ठरवली आहे. मागचा 40 म्हणजे 100 अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन पुरते तापल्यावर, ऑइल किती जाड राहील त्याचे माप. पुढचा आकडा थंडीतला. डब्ल्यू म्हणजे विंटर. तो जितका लहान तितके ऑइल थंडीत लवकर वाहते.

आमच्या कोल्हापुरात बर्फ पडत नाही, मग थंडीच्या आकड्याशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. पण रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये जाते. पहाटे सेल्फ मारला की पंप ते वर चढवेपर्यंत बेअरिंग आणि वरचे भाग जवळजवळ कोरडेच फिरतात. इंजिनची बरीच झीज याच वेळी होते. त्या वेळी 15डब्ल्यू ऑइल 20डब्ल्यूपेक्षा लवकर वर पोहोचते. तापल्यावर मात्र दोन्ही 40च असतात. म्हणून 15डब्ल्यू पातळ असते, घाटात टिकणार नाही, ही समजूत खरी नाही.

‘जाड ऑइल म्हणजे मजबूत ऑइल’ हा आमच्याकडचा जुना गैरसमज. जुन्या गाड्यांत सरळ 40 नंबरचे एकेरी ऑइल चालत असे, त्यातून तो आला असावा. कंपनीने सांगितल्यापेक्षा जाड ऑइल भरले तर ते बारीक वाटांतून उशिरा जाते, पंपावर जोर पडतो, डिझेलही जास्त लागते. इंजिन ऑइल पिऊ लागले की काही जण दवा म्हणून जाड ऑइल भरतात. काही दिवस आराम वाटतो, पण झिजलेल्या रिंगा आणि लाइनर त्याने भरून येत नाहीत.

आता दर्जाचे. तो डब्यावर एपीआय या शब्दापुढे लिहिलेला असतो, आणि ग्राहक नेमके तेच वाचत नाहीत. एपीआय ही अमेरिकेतील पेट्रोलियम उद्योगाची संस्था. ‘एस’ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनसाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी. सीएफ-4 हा दर्जा 1990 चा, सीएच-4 1998 चा, सीआय-4 2002 चा आणि सीके-4 2016 च्या अखेरचा. शेवटचा 4 म्हणजे फोर-स्ट्रोक, तो दर्जाचा क्रमांक नव्हे. पाहायचे ते दुसरे अक्षर. वर्णमालेत ते जितके पुढे, तितके ऑइल नव्या काळाचे. सीएफ-4 हा दर्जा एपीआयने बाद केलेला आहे, तेव्हा स्वस्त डब्यावर तो दिसला तर कंपनीचे पुस्तक उघडूनच पैसे द्यावेत.

यात सर्वांत जास्त नुकसान होते ते बीएस-6 गाडीच्या बाबतीत. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना हे मानक लागू झाले. या ट्रकच्या धुराच्या वाटेवर जाळीदार फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. त्यात साचलेली काजळी गाडी स्वतःच तापवून जाळून टाकते. पण ऑइल थोडेथोडे जळतच असते, आणि त्यातल्या कॅल्शियम, जस्तासारख्या मिश्रणांची राख होते. राख पुन्हा जळत नाही, ती जाळीत बसते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते, सीके-4 किंवा कंपनीने पुस्तकात लिहिलेले तत्सम. समजा लिटरमागे 60 रुपये वाचवायला कोणी जुन्या दर्जाचे ऑइल भरले, तर 15 लिटरला 900 रुपये वाचतील. नवा डीपीएफ काय भावाने येतो ते एकदा शोरूममध्ये विचारून पाहावे.

उलट बाजूने, जुन्या बीएस-3 गाडीत सीके-4 चालेल का? चालते. पूर्वी डिझेलमध्ये गंधक फार असे, त्याचे आम्ल मारायला ऑइलमध्ये क्षार जास्त लागत. 2020 पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत 10 भागांपुरतेच असते, तेव्हा ती अडचण उरली नाही. मात्र जुन्या गाडीला सीआय-4 पुरत असेल तर वरचे पैसे घालण्याची गरज नाही, असे आमचे मत. फॅशनचे कापड आणि रोजच्या वापराचे कापड यात आपण फरक करतोच की.

ऑइल काळे झाले म्हणून ओरडणाऱ्यांना एक सांगणे आहे. डिझेल इंजिनात चांगले ऑइल लवकर काळे होते, कारण ते काजळी धुऊन आपल्यात धरून ठेवते. चिंता करावी ती दुसऱ्या खुणांची. ऑइल चहासारखे दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. पट्टीवर पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर नोझल किंवा पंप तपासावा. अशी गाडी पुढच्या फेरीला पाठवू नये.

टर्बोच्या गाडीबद्दल ड्रायव्हरला जरूर सांगावे. आंबा किंवा फोंडा घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवावे. टर्बोचा दांडा प्रचंड वेगाने फिरतो आणि ऑइलवरच तरंगतो. इंजिन बंद होताच ऑइल थांबते आणि तापलेल्या टर्बोत जळून कोळसा धरते. चहाची घाई दोन मिनिटे थांबू शकते.

बनावट मालाचा धोका या धंद्यातही आहे. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यांत हलके ऑइल भरून विकले जाते. भाव बाजारापेक्षा फारच कमी असेल, झाकणाचा सील ढिला असेल, बॅच नंबर पुसट असेल तर डबा परत करावा. पक्के बिल घ्यावे. वॉरंटीच्या गाडीचे इंजिन बिघडले तर कंपनी पहिल्यांदा तेच मागते. आपला रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने भोक पाडावे, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही.

ऑइल कधी बदलावे याला एकच उत्तर नाही. पुस्तकातला किलोमीटरचा आकडा हा कमाल समजावा. ऊस हंगामात ओव्हरलोड, कच्च्या रस्त्याची धूळ, कारखान्याच्या दारात तासन्‌तास चालू इंजिन, अशी गाडी असेल तर आधीच बदलावे, कारण उभ्या गाडीत किलोमीटर वाढत नाहीत पण इंजिन चालतेच. ऑइलबरोबर फिल्टरही बदलावा. नव्या ऑइलला जुना फिल्टर म्हणजे नव्या कापडाला जुने अस्तर. तारीख, किलोमीटर आणि दर्जा गाडीच्या वहीत लिहावा. वाढीव ऑइल टाकताना तोच दर्जा वापरावा.

काढलेले काळे ऑइल गटारात ओतू नये, भट्टीवाल्यालाही विकू नये. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. गॅरेजवाल्याने ते कुणाला दिले हे विचारण्याचा गाडीमालकाला पूर्ण हक्क आहे.