झोपलेल्या चिपचं घड्याळ

गच्चीवरच्या टाकीसाठी मी एनआरएफ५२ चिपचा ब्लूटूथ सेन्सर केला. बॅटरी वाचवायला चिप झोपते. तिला वेळेवर उठवतं ३२.७६८ किलोहर्ट्झचं घड्याळ.

मी क्रिस्टलचे पैसे वाचवले, चिपमधला आरसी ऑसिलेटर निवडला आणि त्याचं कॅलिब्रेशन चालू करायचंच विसरलो! दुपारचं ऊन, पहाटेचा गारठा, संपर्क तुटायचा. कॅलिब्रेशनशिवाय आरसी टक्क्यांत चुकतो, ब्लूटूथला चालते जास्तीत जास्त ५०० पीपीएम.

कॅलिब्रेशननंतर जमलं. पण ५०० पीपीएम धरले, की सेकंदाने ठरलेल्या भेटीसाठी रिसीव्हर ५०० मायक्रोसेकंद आधी उघडावा लागतो. २० पीपीएमच्या क्रिस्टलला २० पुरतात. मोठ्या क्रिस्टलवरूनही हे घड्याळ बनवता येतं, पण मग तो मोठा क्रिस्टल झोपतच नाही. बॅटरीवर नकोच.

आता क्रिस्टल बसवलाय.