गळाची काठी आणि तिचा वांक

गोंदिया जिल्ह्यास तळ्यांचा प्रदेश म्हणतात, तें यथार्थ आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं बांधलेलीं तळीं, नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय, शिवाय वैनगंगा व बाघ या नद्या. इतकें पाणी सभोंवार असतां मुलांच्या हातीं गळ न आला तरच नवल! परंतु काठीची निवड फार थोडे जण विचारपूर्वक करतात. जाड ती चांगली, असा सर्वसाधारण समज आढळतो. अशा काठीनें पुष्कळदां माशाचा ओंठ फाटतो. मासा हातचा जातो आणि जखमी होऊन जातो.

काठीचे दोन गुण वेगळे ओळखले पाहिजेत. ती किती भार सोसते तें तिचें बळ. भार पडतां ती कोठून लवते तो तिचा वांक. केवळ शेंड्याकडे लवणारी ती शीघ्र, मध्यापर्यंत लवणारी ती मध्यम आणि मुठीपर्यंत कमानीसारखी लवणारी ती मंद. मूठ घट्ट धरून शेंड्यास लहानसा दगड टांगावा, म्हणजे वांक तत्काळ दिसतो.

आतां मरळ मासा घ्या. तो पाणवनस्पतींच्या दाटींत राहतो व हवेंतून श्वास घेण्यास वर येतो. त्याच्यासाठीं रबरी बेडूक पानांवरून ओढीत नेतात. येथें हाताचा हिसका गळापर्यंत विनाविलंब पोंचावा लागतो, आणि अडकलेला मासा वेलींत शिरण्यापूर्वीं बाहेर ओढावा लागतो. यास्तव शीघ्र वांकाची व भरपूर बळाची काठी हवी. याच्या उलट, तीन आंकड्यांचा गळ लावलेला लांकडी मासा पाण्यांतून संथपणें ओढला जातो. त्याचे कांटे बारीक. ताठ काठीनें हिसकले तर ते निसटतात. तेथें मध्यम वांकच योग्य. रोहूसाठीं कणकेची गोळी लावणाऱ्यास मंद काठी बरी, कारण शीघ्र काठीच्या झटक्यानें गोळी वाटेंतच गळून पडते. शिवाय रोहूचे ओंठ मऊ असतात. (त्याचे दांत जबड्यांत नसून घशांत असतात, हें विद्यार्थ्यांस मौजेचें वाटेल.)

आपल्याकडील काठी मूळची बांबूची. पाश्चात्य कारागिरांनीं एकोणिसाव्या शतकांत बांबूच्या सहा चिरफळ्या चिकटवून काठ्या केल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूंच्या आल्या व 1970 नंतरच्या दशकांत कार्बनतंतूंच्या. कार्बनाची काठी हलकी व चपळ खरी, तथापि ती विजेची वाहक आहे. आईबापांनीं हें ध्यानांत ठेवावें: तळ्याकांठीं विजेच्या तारा गेल्या असतील तेथें, किंवा आभाळ गडगडूं लागतांच, ती मुलांच्या हातीं मुळींच राहूं देऊं नये. तसेंच, पुष्कळ तळ्यांतील मासळी धीवर बांधवांच्या सहकारी संस्थांनीं ठेक्यानें घेतलेली असते. तेव्हां गळ टाकण्यापूर्वीं त्यांची अनुज्ञा घ्यावी.