गुरगुरणारा गळा, गाणाऱ्या गिटारी

फिनलंडच्या पूर्व भागात योएन्सू नावाचं शहर आहे. १९९७ साली तिथे ‘इन्सॉम्नियम’ हा बँड सुरू झाला आणि २०१६च्या सप्टेंबरात त्यांचा ‘विंटर्स गेट’ हा अल्बम आला. त्यात गाणं एकच, ४० मिनिटांचं. संगीताचा प्रकार मेलोडिक डेथ मेटल. गुरगुरणारा आवाज आणि धडाडणारे ड्रम एवढा वेळ कान कसे झेलणार, ही शंका मनात घेऊनच मी ऐकायला बसलो. अल्बम संपला तेव्हा त्यातली एक धून मी गुणगुणत होतो. गायक मात्र ती धून गातच नाही! ती मुळी त्याच्या गळ्यात नाहीच, आणि या संगीताची सगळी गंमत तिथेच सुरू होते.

आपण बोलतो-गातो ते स्वरतंतूंच्या कंपनातून. त्यांच्या जरा वर आणखी दोन घड्या असतात. घास गिळताना श्वासमार्ग बंद ठेवायला त्या मदत करतात. डेथ मेटलचा गायक या वरच्या घड्या जवळ आणतो आणि श्वास त्यांच्यामधून सोडतो. त्या जाड असतात, त्यांचं कंपन संथ आणि अनियमित होतं. आवाजाला खोल खरखर मिळते, पण कान पकडू शकेल असा नेमका सूर उरत नाही. शब्द राहतात, लय राहते, आवेश तर भरपूर राहतो. सूर तेवढा गळ्यातून निघून जातो.

मग गाणार कोण? गिटार.

तार छेडल्याबरोबर तिचा आवाज विरायला लागतो. इलेक्ट्रिक गिटारवर डिस्टॉर्शन चढवलं की आवाजाच्या लहरींचे उंच माथे कापले जातात. मोठा आवाज दबतो, विरत चाललेला बारीक आवाज त्याच्या बरोबरीला येतो, आणि सूर लांबच लांब टिकून राहिल्यासारखा वाटतो. त्यावर वादक एकाच तारेवर पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, खाली-वर इतक्या वेगाने फिरवतो की सुटे आघात जुळून सुराची सलग धार होते. तारेला आता दम सापडलेला असतो.

पण इथे एक अडचण येते, आणि मला ती या साऱ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. एकाच अँप्लिफायरमधून दोन सूर एकदम सोडले, तर डिस्टॉर्शन त्या दोघांच्या कंपनांच्या बेरजा-वजाबाक्या करून स्वतःचे नवे नाद तयार करतं. षड्ज आणि पंचम यांच्या कंपनांचं प्रमाण २:३. त्यांची वजाबाकी १, म्हणजे षड्जाच्याच खालच्या सप्तकातला षड्ज. तो मूळ सुरांत बेमालूम मिसळतो, म्हणून मेटलमधली ती भक्कम, जाडजूड सुरावट षड्ज-पंचमावर उभी असते. षड्जासोबत कोमल गंधार लावून पाहा. तिथे जन्मणारे नाद या दोघांच्या घरचे नसतात. सगळं गढूळ होतं. आणि उदास, गोड धून हवी तर कोमल गंधाराचं अंतर लागतंच. यावर उपाय म्हणजे दोन वादक, दोन गिटारी, दोन वेगळे अँप्लिफायर. एकाने धून वाजवायची, दुसऱ्याने तीच धून गंधाराच्या अंतरावरून. दोन्ही सूर कुठल्याच एका अँप्लिफायरमध्ये एकत्र येत नाहीत. ते भेटतात ते हवेत, ऐकणाऱ्याच्या कानाशी, स्वच्छ राहून.

जोडगिटारींची ही रीत आयर्न मेडनसारख्या बँडांनी आधीच लोकप्रिय केली होती. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या मुलांनी तिला डेथ मेटलच्या गळ्याची आणि वेगाची जोड दिली. ॲट द गेट्सचा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ आणि डार्क ट्रँक्विलिटीचा ‘द गॅलरी’ १९९५चे, इन फ्लेम्सचा ‘द जेस्टर रेस’ १९९६चा. मेलोडिक डेथ मेटलचा पाया या अल्बमांनी घातला.

गोथेनबर्गच्या त्या गाण्यांना मोठी घाई असते. तीन-चार मिनिटांत खेळ आटोपतो. ‘विंटर्स गेट’ला घाई नाही. बँडचा गायक आणि बास गिटारवादक नीलो सेवॅनेन याने लिहिलेल्या कथेवर ते बेतलं आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला असल्याचं म्हटलं जाणारं एक बेट शोधायला व्हायकिंगांची टोळी निघते, हिवाळा तोंडावर आलेला असताना. संगीत त्यांच्यासोबत प्रवास करतं. ड्रमचा भडिमार होतो, ओसरतो. साध्या, न गुरगुरणाऱ्या आवाजातलं गाणं येतं. मग गिटार एकटीच हलकेच वाजत राहते आणि त्यानंतर जड, रेंगाळणारा भाग पसरतो. आधी ऐकलेली धून पुढे वेगळ्या लयीत पुन्हा भेटते. विलंबित ख्यालात रुळलेला कान इथे बिचकणार नाही: सुराला वेळ दिला की तो आपली एकेक बाजू दाखवतो, हे त्याच्या सवयीचं आहे. स्ट्रीमिंगवर या गाण्याचे सात तुकडे केलेले दिसतात. तुकड्यांनी ऐकू नये, सलगच ऐकावं.

या गिटारींपैकी एक विले फ्रिमानच्या हातात आहे. हा माणूस उत्क्रांतीचा अभ्यासक. जिवाणू आणि त्यांना मारणारे विषाणू एकमेकांशी झुंजताना कसे बदलत जातात, यावर त्याने इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठात संशोधन केलं आहे. दुसरी मार्कुस वानहालाकडे. हेडफोन लावून ऐकलं तर दोघांचे सूर वेगवेगळे धरता येतात, आणि एकदा ते जमलं की गुरगुर आपोआप मागे सरते.

अल्बमचं मिक्सिंग केलं स्वीडनच्या डॅन स्वानोने. ही निवड सहज झालेली नसावी, कारण १९९६ साली त्याच्याच ‘एज ऑफ सॅनिटी’ या बँडने ‘क्रिमझन’ नावाचा अल्बम काढला होता. त्यातही गाणं एकच, आणि तेही ४० मिनिटांचं. ‘विंटर्स गेट’ आवडलं तर पुढचं ऐकणं तेच असू द्या.